भाऊबीज आणि बुडापेस्ट

दिवाळी चार दिवसांवर आली आणि आमच्या सोसायटीत युद्ध पेटलं. म्हणजे खरं युद्ध लागलंय लांब कुठेतरी, समुद्रापलीकडे. पण ठिणग्या पडल्या त्या आमच्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. तिसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी एका बाजूनं, नवव्या मजल्यावरचे सावंत दुसऱ्या. कुणाचा बॉम्ब न्याय्य, कुणाचा अन्याय्य, दहशतवादी कोण आणि देशभक्त कोण, जमीन मुळात कुणाची. पाण्याची टाकी साफ करणार असल्याची सूचना त्या धुमश्चक्रीत कुठेतरी वर वाहून गेली आणि बुधवारी निम्मी सोसायटी आंघोळीविना राहिली. शेवटी सावंत तणतणत ग्रुप सोडून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको मला लिफ्टमध्ये भेटली. हळूच म्हणाली, "मावशी, यंदा कुलकर्ण्यांकडे फराळाचं ताट पाठवायचं की नाही हो?" मी म्हटलं, "अगं, तुझ्या चकल्या कुणाच्या बाजूच्या आहेत?" ती हसली. पण ताट काही गेलं नाही, मला माहीत आहे.

त्या दुपारी मी बाल्कनीत जुन्या साडीवर पोहे पसरून राखण करत बसले होते. ऐंशी ओलांडली की माणसाला अशीच कामं मिळतात, कावळे हाकलायची. आश्विनातलं हे ऊन मोठं लबाड. पाऊस गेलेला, थंडीचा पत्ता नाही, अंगाची नुसती चिकचिक. आणि तरी पाच वाजून गेले की प्रभादेवीच्या समुद्रावरून एक गार झुळूक येते आणि सगळं माफ होतं. खालच्या मजल्यावर कुणीतरी लाडवांसाठी बेसन भाजत होतं. तो वास नाकात शिरला मात्र, मी लालबागच्या आमच्या चाळीत जाऊन उभी राहिले. तेरा वर्षांची, परकर-पोलक्यातली, बोटांना खडू माखलेली.

आमची चाळ तीन मजली, समोरची दोन मजली, आणि मध्ये फरशीचं पटांगण. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात त्या पटांगणात इतके वास एकमेकांत मिसळायचे की डोळे मिटून कुणाच्या घरी काय चाललंय ते सांगता यायचं. पहिल्या मजल्यावर अनारसे फसलेत. कोपऱ्यातल्या खोलीत चिवड्याला फोडणी बसली, मिरची जास्त झाली. आणि या सगळ्याच्या तळाशी बारा महिन्यांचा तो वास, गिरणीतल्या ओल्या सुताचा आणि खळीचा. कापसाचे तंतू वाऱ्याबरोबर यायचे ते दांडीवरच्या कपड्यांवर, केसांत, कधी कधी चिवड्यातही. आई म्हणायची, "खा गप. कापूसच तो, विष नाय."

आणि जिन्याच्या पायथ्याशी फळा. चाळीचं वैभव म्हणाल तर तेवढंच. शाळेतून बाद झालेला, एका कोपऱ्यात टवका उडालेला तो फळा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत कुणीतरी आणून टांगला होता. मोर्चा कुठून निघणार, सभा कुठे, कुणाला पकडलं, कोण सुटलं, सगळं रोज सकाळी त्याच्यावर लिहिलेलं असायचं. लिहायची मी. माझं अक्षर चाळीत सर्वांत सुबक. हे मी नाही, सगळे म्हणायचे; आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करून पुन्हा एकदा ऐकायची.

फळ्याचा एक नियम होता. फळ्यावर जे लिहिलं ते साऱ्या चाळीनं म्हटलं, असं धरायचं. म्हणून दोन माणसांनी मान डोलावल्याशिवाय मी खडू लावायचा नाही. एक माझे बाबा. गिरणीच्या कचेरीत कारकून, मनानं समाजवादी, सकाळी आंघोळीच्या आधी पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे. दुसरा माझा भिकूमामा, आईचा धाकटा भाऊ. त्याच गिरणीत मागावर कापड विणायचा, गेटसभेत भाषणं ऐकायचा आणि द्यायचाही. पक्का कम्युनिस्ट. समोरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर सहा जणांच्या एका खोलीत राहायचा, पण रविवारचं जेवण आमच्याकडे. आईचं माहेर म्हणजे हा एवढा एक माणूस. आईबाप गेले, मालवणाकडचं घर पावसात बसलं, आणि दहा वर्षांच्या भिकूला हाताला धरून तिनं बोटीनं मुंबईला आणलं ते लग्न होऊन आली तेव्हाच. आहेर म्हणून भाऊ घेऊन आलेली नवरी, असं बाबा तिला चिडवायचे.

बाबा आणि मामा दोघे कट्टर, पण महाराष्ट्राच्या प्रश्नावर एका ताटात जेवणारे. जानेवारीत गोळीबार झाला तेव्हा दोघे बरोबर रस्त्यावर होते. मामाचा जोडीदार, त्याच्या शेजारच्या मागावर काम करणारा, त्यात गेला. मामानं त्याला खांद्यावर टाकून धावत इस्पितळात नेलं, पण पोचेपर्यंत उरलं नव्हतं काही. मामाचा तो सदरा आईनं तीनदा धुतला. डाग गेला नाही, आणि मामानं सदरा टाकूही दिला नाही.

ते छप्पन्न सालच तसं होतं. काय काय त्यात घडलं! दसऱ्याला समोरच्या चाळीतली काही कुटुंबं नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आली, पांढरी शुभ्र लुगडी नेसून, चेहरे असे उजळलेले की आईनं आपण होऊन त्यांना रव्याचे लाडू नेऊन दिले. ऐन दिवाळीच्या तोंडावर मुंबई आपल्याला न मिळता ते द्वैभाषिक राज्य आलं. चाळीत वाद झाला, कंदील लावायचा की नाही. शेवटी लावला, पण चारही बाजूंना महाराष्ट्राचा नकाशा काढून आणि मुंबईच्या जागी लाल जिलेटीनचा कागद डकवून. आतला दिवा लागला की मुंबई तेवढी पेटलेली दिसायची. तो नकाशा मी काढला होता. कोकण जरा जाड झालं, पण कुणी बोललं नाही.

आणि अशात सुएझ आलं. आता लालबागच्या चाळीला सुएझ कालव्याचं काय पडलं होतं, असं आज कुणी विचारील. पण पडलं होतं खरं! इंग्रज आणि फ्रेंच मिळून इजिप्तवर चालून जायचं म्हणतात म्हणजे काय? दीडशे वर्षं आमच्या डोक्यावर बसलेला गोरा आता दुसऱ्याच्या डोक्यावर बसायला निघाला, हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. फळ्यावर मी लाल खडूनं लिहिलं, "इजिप्त, आम्ही तुझ्यासोबत." बाबांनी आणि मामानं एकदमच मान डोलावली. मुलांनी दिवाळीचा किल्ला केला होता पटांगणात, चिखलाचा, अळिवाचं हिरवं रान उगवलेला. त्या किल्ल्याच्या पायथ्याशी एका रात्रीत कालवा खोदला गेला, त्यात निळीचं पाणी, आणि दोन्ही काठांवर ढाल-तलवारवाले मावळे पहाऱ्याला. कालवा काही इंग्रजांच्या हाती लागणार नव्हता.

पहिल्या मजल्यावरचे हवालदारनाना मात्र त्या कालव्याकडे बघत बराच वेळ उभे होते. मोठ्या लढाईत ते इंग्रजांच्या फौजेतून मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, जाऊन आले होते, खऱ्या कालव्याच्या काठावर त्यांनी पहारा दिला होता. चाळीतला एकुलता एक रेडिओही त्यांचाच. मुलांना म्हणाले, "पाणी इतकं निळं नव्हतं रे. आणि तिथली पोरं आम्हाला बघितलं की दगड मारायची. मला राग यायचा. म्हटलं, मी काय केलंय यांचं? मी आपला बंदूक घेऊन नुसता उभा आहे." मग म्हणाले, "बंदूक घेऊन उभा होतो, तेच तर केलं होतं." मुलांना त्यात रस नव्हता, त्यांना पाणी निळंच हवं होतं. मला मात्र ते बोलणं लक्षात राहिलं. फौजेच्या बाजूनं बोलणारी आणि फौजेविरुद्ध बोलणारी माणसं मी पुढे आयुष्यभर पुष्कळ ऐकली. जो स्वतः फौज म्हणून उभा होता त्याच्या तोंडून ऐकलं ते तेवढंच.

सुएझनं चाळ एक केली आणि हंगेरीनं फोडली. त्याच दिवसांत पेपरात यायला लागलं की हंगेरीत लोक रस्त्यावर उतरलेत आणि त्यांना दाबायला रशियानं रणगाडे पाठवलेत. बाबा म्हणाले, "लिही. रशियाचे रणगाडे बुडापेस्टमध्ये." मी शाळेच्या नकाशात बुडापेस्ट शोधून ठेवलं होतं, हौसेनं खडू उचलला. मामा म्हणाला, "नाही लिहायचं. ही बातमी भांडवलवाल्यांच्या पेपरातली. आमच्या पेपरात वेगळं आहे." बाबा म्हणाले, "काय वेगळं आहे? रणगाडे नाहीत?" मामा म्हणाला, "आहेत. पण बोलावल्यावरून गेलेत." बाबा म्हणाले, "इंग्रजही सगळीकडे बोलावल्यावरूनच जातो रे!"

फळ्याचा नियम पहिल्यांदा मोडला तो त्या दिवशी. दोन माना जुळेनात, तेव्हा फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायची ठरली. अर्धा बाबांचा, अर्धा मामाचा. मामा म्हणाला, "डावी बाजू माझी." बाबा म्हणाले, "खुशाल घे. पण डावी म्हणजे कुणाची? वाचणाऱ्याची का फळ्याची? फळा भिंतीला पाठ लावून आपल्याकडे तोंड करून आहे. त्याची डावी ती आपली उजवी." झालं! हंगेरी राहिली बाजूला आणि अर्धा तास फळ्याला डावा हात कुठला यावर चाळीत खल झाला. दोन्ही चाळींच्या गॅलऱ्यांतून लोक वाकून मतं देत होते. अखेर हवालदारनाना कडाडले, "समोरून बघ! वाचणाऱ्याची डावी! लिही पोरी!" तेव्हा कुठे मामाला डावी बाजू मिळाली.

चारपाच दिवस ते सगळं मजेतच चाललं. मी सकाळी बाबांची बातमी लिहायची, मग समोरच्या चाळीत जाऊन मामाची आणायची. लोक पाण्याला येताना डावं वाचायचे, भरून जाताना उजवं. आई दोघांना दटावायची. रागावली किंवा हळवी झाली की ती मालवणीत जायची. "मेल्यांनू, त्या हंगेरीत आपलो कोण सोयरो आसा, म्हणान घरात भांडतास?" दोघेही हसायचे, चहा घ्यायचे आणि पुन्हा भांडायचे.

मग एका संध्याकाळी हसणं संपलं. मामा आमच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता, आई समोर करंज्या कातत होती. मामा म्हणाला, "भावोजी, तिथं रस्त्यावर आहेत ते गुंड आहेत. दहशत माजवली आहे त्यांनी. आमच्या माणसांना झाडांना टांगतायत." बाबा म्हणाले, "टांगतायत ते वाईटच. त्याला मी चांगलं म्हणणार नाही. पण गुंड म्हणालास? जानेवारीत आपल्यावर गोळ्या झाडल्या तेव्हा आपल्याला काय म्हटलं होतं रे सरकारनं? गुंडच ना? तुझा जोडीदार गुंड होता का भिकू?"

आईच्या हातातलं कातणं थांबलं. मामा उठला. त्याचा आवाज चढला नाही, तेच वाईट. म्हणाला, "त्याचं नाव तुम्ही या भांडणात घ्यायला नको होतं." दारात जाऊन वळला. "पुन्हा या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही मी." बाबांचं डोकंही तापलेलं. ते म्हणाले, "ज्याला रणगाडे चालतात त्यानं ठेवूही नये." आणि भाऊबीज होती आठवड्यावर.

तो आठवडा मला आजही जिभेवर आठवतो. आईनं फराळ केला, सगळा केला, आणि सगळ्यात मीठ विसरली. शंकरपाळ्यांतसुद्धा चिमूटभर मीठ लागतं हे मला तेव्हा कळलं. एका डब्यात तिनं मामाच्या आवडीच्या जाड, तिखट चकल्या वेगळ्या काढून ठेवल्या आणि तो डबा फळीवर मागे सरकवला. नळावर बायका विचारायच्या, "भाऊ येणार ना गं?" ती म्हणायची, "येईल की. जातो कुठं?" घागर उचलताना मात्र तिचा चेहरा मला दिसायचा. बाबांना चूक कळली होती. दोनतीनदा ते गॅलरीत जाऊन समोरच्या चाळीकडे बघत उभे राहिले. पण जाऊन माफी मागायची म्हणजे हंगेरीही सोडायची, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात बसलं होतं. पुरुषांच्या डोक्यात कशाला काय चिकटून बसेल सांगता येत नाही.

आणि लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी जादू झाली. बातमी आली की रशियाचं सैन्य बुडापेस्टमधून परत निघालं. दोन्ही बाजूंच्या पेपरांत तीच बातमी! मामा दोन-दोन पायऱ्या गाळत आमच्या जिन्याखाली आला आणि ओरडला, "सुमे, खडू आण! सगळे रंग आण!" मी डाव्या बाजूवर लिहिलं, "रशियाचं सैन्य माघारी. शांततेचा विजय." भोवती वेलबुट्टी काढली, चार कोपऱ्यांत चार कमळं. बाबा खाली आले. त्यांनी वाचलं, आणि देवाशप्पथ सांगते, हरलेला माणूस इतका खूश झालेला मी दुसरा पाहिला नाही. म्हणाले, "बरं झालं रे भिकू. फार बरं झालं. मी चुकलो असलो तर उत्तमच." मामा म्हणाला, "चुकलातच." मग बाबा खाली बघत म्हणाले, "त्या दिवशी त्याचं नाव काढलं ते तर चुकलंच." मामानं नुसती मान हलवली. आईला तो बाय म्हणायचा. जाताना म्हणाला, "बायला सांगा, भाऊबीजेला चारला येतो."

सावंत आणि कुलकर्णी यांना मी नावं ठेवते खरी, पण तेव्हाची माणसं काही थोर होती आणि आताची हलकी, असलं रडगाणं मी गाणार नाही. तीही इतकीच हट्टी, इतकीच आपल्या पेपराची गुलाम. मामाच्या पेपरात जे नव्हतं ते घडलंच नव्हतं, आणि बाबांच्या पेपरात होतं ते ब्रह्मवाक्य. फरक असला तर एवढाच की तेव्हा ग्रुप सोडून जाता यायचं नाही. नळ एक, जिना एक, फळा एक. रागावलेला माणूस सकाळी दात घासताना समोर दिसायचाच.

भाऊबीजेचा दिवस रविवार होता. दिवाळीची सुट्टी म्हणून गिरणीचा भोंगा नाही, आभाळ धुरावाचून निळं. आईनं सकाळपासून पाटाभोवती रांगोळी घातली, दोनदा पुसली, तिसऱ्यांदा घातली. दुपारी हवालदारनानांचा रेडिओ गॅलरीत लागला आणि बातम्या सुरू झाल्या. आम्ही पटांगणात होतो. रशियाचे रणगाडे पहाटे पुन्हा बुडापेस्टमध्ये शिरले होते. आधीपेक्षा पुष्कळ जास्त. शहरात गोळीबार चालू होता. मी समोर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर मामा कठड्याला धरून उभा होता, अंगात परीटघडीचा सदरा, केस विंचरलेले. बातमी संपली तसा तो आत गेला आणि दार लागलं.

बाबा जिन्याखाली आले. माझ्या हातात खडू दिला. "उजव्या बाजूला लिही. रणगाडे पुन्हा बुडापेस्टमध्ये." डाव्या बाजूला माझी कमळं अजून तशीच होती, "शांततेचा विजय" भोवती. मी खडू धरून उभी. तेवढ्यात आई खाली आली, हाताला ओलं पीठ. "आज माजी भाऊबीज होयसर फळ्याक खडू लावशात तर बगा!" बाबा म्हणाले, "अगं, बातमी ती बातमी. फळा काय सणवार बघून बोलतो? लोक मरतायत तिथं." आई म्हणाली, "माका ठाऊक आसा. पण त्या पोराक तुमी सगळ्या चाळीसमोर तोंडघशी पाडतास. मग तो येतलो काय?" आईचं खोटं नव्हतं. बाबा म्हणाले तेही खोटं नव्हतं. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी खडू फळ्याच्या चौकटीवर ठेवला आणि वर गेले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली. अजून थोडी वाटते.

चार वाजले. पाच वाजले. समोरचं दार उघडलं नाही. बाबा येरझाऱ्या घालत होते. त्यांना जिंकल्याचा आनंद औषधालाही नव्हता. दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. "मी गेलो तर त्याला वाटेल, हिणवायला आलो," असं स्वतःशीच म्हणाले. मामाला राग आला नव्हता, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. राग असता तर तो भांडायला आला असता. त्याला लाज वाटत होती, आणि लाज वाटलेल्या माणसाला दारातून बाहेर कसं काढायचं ते बाबांना येत नव्हतं.

हे इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. मामानं लाल बावटा सोडला का? नाही सोडला. बाबांनी आपलं मत बदललं का? तेही नाही. दोघेही म्हातारे होईपर्यंत भांडले, कधी या देशावरून, कधी त्या. बाबा शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा मामा रोज येऊन त्यांना दोन पेपर वाचून दाखवायचा, एक त्यांचा आणि एक स्वतःचा, आणि स्वतःचा जरा मोठ्यानं.

आमच्याकडे चाल अशी की ज्या बाईला भाऊ नाही तिनं बिजेच्या चंद्राला ओवाळायचं. तो चंद्र म्हणजे नखाएवढा, दिवस मावळल्यावर घटकाभर दिसतो आणि बुडतो. त्या संध्याकाळी समोरच्या चाळीच्या कौलांवर, गिरणीच्या धुराड्याच्या बाजूला तो दिसायला लागला आणि आई तबक घेऊन उठली. निरांजन लावलं, सुपारी, अक्षता, सगळं नीट. पदर डोक्यावरून घेतला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. शेजारची मावशी घाबरून धावली. "अगं, काय करतेस! भाऊ जिवंत आहे ना तुझा? अभद्र का करतेस?" आई मोठ्यानं म्हणाली, दोन्ही चाळींना ऐकू जाईल अशी, "आसा गे, भाव आसा माजो. पण तो हंगेरीक गेलो. म्हणान चंद्राक ओवाळतंय."

कुणी हसलं नाही. दोन्ही चाळींच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या. हवालदारनाना तेवढे खालून म्हणाले, "अगं पोरी, त्या चंद्राला दात तरी आहेत का चकली खायला?" आईनं तबक उचललं.

समोरचं दार उघडलं. "बाय, थांब!"

मामा जिना उतरला, पटांगण ओलांडलं, पण वर आला नाही. फळ्यापाशी थांबला. मी धावत खाली गेले. मामानं तळहातानं डावी बाजू पुसली, विजय पुसला, कमळं पुसली. चौकटीवरचा खडू उचलला. रात्रीच्या वर्गात शिकलेलं त्याचं अक्षर, एकेक वेलांटी जोर लावून काढलेली. उजवी बाजू मोकळी होती, तिकडे त्यानं पाहिलंही नाही. आपल्याच बाजूला लिहिलं, "रणगाडे परत आले. मी म्हणालो ते चूक." खाली नाव घातलं, भिकू. मला म्हणाला, "बरोबर लिवलंय ना गे?" मी म्हटलं, "बरोबर आहे मामा."

वर आलो तर बाबांनी स्वतः पाट सरळ करून ठेवला होता. ते आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाले, "बस रे." मामा बसला. आईनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या. तिला वाचता येत नव्हतं. ओवाळता ओवाळता म्हणाली, "काय लिवलंस रे फळ्यार?" मामानं खाली बघत सांगितलं. निरांजनाच्या उजेडात तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो आला म्हणून सुखावलेली होती ती, चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिनं विचारलं, "त्या हंगेरीतल्या बायांचे भाऊ आज घराक इले आसतले काय रे?"

इतके दिवस दोघांनी मिळून हंगेरीवर केवढं बोलून घेतलं होतं, पण हे दोघांच्याही पेपरांत नव्हतं. आईनं निरांजनात आणखी तूप घातलं, वात पुढे सारली, आणि भावासमोरून वळून उघड्या दाराकडे तोंड करून पुन्हा एकदा ओवाळलं.